चाती हवी

कोविल्यांच्या लोकरगिरणीत एकतीस वर्षं
मी चात्यांना तेल घालत हिंडलो.
एका खात्यात आठशे, अशी अकरा खाती.
एखादी कण्हली तर पाठमोरा असूनही कळायचं
रांगेतली कितवी,
आणि वरचं बेअरिंग की खालचं.
गिरणी मिटली तेव्हा सगळ्या भंगारात गेल्या, किलोवर.
एक उचलून खिशात घालावी
असं काही सुचलं नाही.
कशाला सुचेल?

आता गॅरेजमध्ये माझं छोटं मिलिंग मशीन आहे.
पट्टे शाळेच्या जुन्या प्रिंटरचे,
खालची फरशी बंद पडलेल्या बेकरीतली.
सगळं सरळ, सगळं काटकोनात,
फक्त वरची मोटर म्हाताऱ्या खेचरासारखी:
मिनिटाला अठ्ठावीसशे फेरे, वर एक नाही.
अर्ध्या मिलिमीटरचं कटर
पितळेला टेकलं की टिक्.
गेल्या महिन्यात नऊ टिक्.
नवव्याला मी त्या मोटरशी
चारचौघांत बोलू नये ते बोललो.

चोवीस हजार फेऱ्यांचा स्पिंडल मिळतो.
चीनहून येतो, पाण्याच्या नळ्यांसकट.
त्याला चालवणारा डबा वेगळा, डब्याचे पैसे वेगळे,
लिस्बनच्या कस्टमवाल्यांचा हात आणखी वेगळा.
विजेच्या बिलाच्या पाठीवर बेरीज केली,
खोडली, पुन्हा केली.
मग बिल उलटं करून ठेवलं, तर समोर बिल.

व्हॅक्यूम क्लीनरची मोटर लावली. फिरली भन्नाट,
पण कटर धरायला तिला हातच नाही.
नेव्हिश डॉक्टरने दाताचं जुनं हँडपीस फुकट दिलं.
तीन लाख फेरे! बोट लावलं की थांबतं.
वेग आहे, जोर नाही.
असे फोरमन मी पाहिलेत.

फुंदांवच्या रविवारच्या बाजारात
चादरी, कॉफीचं जातं, काटे नसलेलं घड्याळ,
आणि मध्ये आडवा पडलेला एक लाकूडकामाचा राउटर.
अंगावरची पट्टी अर्धी झिजलेली: ३०,०००.
किंमत विचारण्याआधी मी शाफ्ट चिमटीत धरून हलवला.
किंचित खेळ.
"पस्तीस," बाई म्हणाली.
"बेअरिंग गेलंय."
"मग चाळीस. कळतंय म्हणजे तुम्हाला हवाय."
मी खाली वाकून चादरी बघायला लागलो.
"नेा एकदाचा," ती म्हणाली, "याची टकळी सुरू झाली
की घरात बोलणं बंद."
"नवऱ्याची की मशीनची?"
"एक थांबली की दुसरी."

शेवटी ठरलं ते असं: वीस युरो,
आणि दारावर लावायला एक पितळी पाटी.
नाव तिने चिठ्ठीवर लिहून दिलं, दिओलिंदा फ्रागोझू.
"नवऱ्याचं आडनाव?"
"वडलांचं. त्याचं बावन्न वर्षं होतं दारावर.
झालं की."

बेअरिंगं दोन, सव्वाअकरा युरो.
शाफ्ट रात्रभर फ्रीजरमध्ये, सार्डिनच्या शेजारी,
बेअरिंगं सकाळी तव्यावर कोमट,
आणि दोघं एकमेकांत बसली, हातोडीविना.
डायल गेजचा काटा तरीही थरथरला,
मिलिमीटरच्या शंभर भागांतले दोन.
गिरणीत असतो तर हे पास केलं नसतं.
गॅरेजमध्ये फोरमन मीच, कामगार मीच;
दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

बटण दाबलं.
समोरच्या झुल्मीराने खिडकी आपटून लावली.
पितळ पिठासारखं उडायला लागलं, बाहीवर, भुवयांवर.
पहिलं अक्षर. दुसरं.
टिक् नाही.
मी मशीनकडे पाठ केली आणि ऐकत उभा राहिलो.
आठ हजार आठशेंच्या जागी एक.
वरचं बेअरिंग ठीक.
खालचंही.

शेवटच्या अक्षराचं वर्तुळ केसभर उघडं राहिलं.
प्रिंटरचा पट्टा सरकला; स्पिंडलचा दोष नाही,
हे मी बाईला दोनदा सांगितलं.
तिने चष्मा लावला, नखाने ती फट चाचपली,
आणि पाच युरो आणखी मागितले.
मी तीन दिले.