बगलफूट

कोरेगावच्या लग्नात सॅलडवर शोभेला ठेवलेला,
करवंदाएवढा, लालभडक.
खायचा की बघायचा, कुणालाच कळेना.
मी रुमालात बांधून घेतला,
एसटीत मांडीवर धरून करंज्यात आणला.
शालन म्हणाली, आहेर एवढाच?

चहाच्या गाळणीत बिया धुतल्या, पेपरावर पसरल्या.
चिकटून बसल्या निधनवार्तांच्या पानाला.
सोडवत बसलो नाही.
गोडोलीच्या कुणा गृहस्थाचं नाव फाडून
कागदासकट पेरलं.

रंगाच्या डब्याला बुडाशी भोकं.
शेणखत, बंबातली राख,
अंड्याची टरफलं तांबोळ्यांच्या रुक्सानाकडून मागून
(शालनची माळ आहे, आमच्यात अंडं येत नाही).
रोप खोल लावायचं हे मला खांबानं शिकवलं:
सहावा हिस्सा जमिनीत,
नाहीतर वाऱ्यात तगत नाही.
ह्याला मी निम्मं गाडलं,
तर गाडलेल्या अंगालाच ह्यानं मुळं फोडली.
खांब असं कधी करत नाही.

मग ते सुटलंच.
फेब्रुवारीत काठी मागितली, मार्चात दोरी,
एप्रिलात शालनची धुण्याची तार अर्धी बळकावली.
एकेका दांडीला सोळा, अठरा.
देठाकडचा लाल,
टोकाचा अजून पिवळं फूल.
आणि पान-खोडाच्या बेचक्यात
रोज उठून एक नवी फांदी.

पोवई नाक्यावरच्या बियाण्याच्या दुकानातला पोरगा म्हणाला,
बगलफूट आहे ती काका, खुडा,
नाहीतर जंगल होईल.

खुडा!
चौतीस वर्षं दुसरं केलं काय मी?
मेढ्यापासून केळघरपर्यंत,
मे लागला की कोयता बांबूला बांधायचा,
परमिट घ्यायचं, लाइन बंद,
आणि तारेला शिवेल ते तोडायचं.
आंबा, जांभूळ, शेवगा.
केळघरला एक पोर
खाली पडलेला शेवग्याचा फुलोरा
फ्रॉकमध्ये गोळा करत होती.
म्हणाली, वायरमन, आधी झाड होतं का तार?
मी वर होतो.
ऐकू आलं नाही असं दाखवलं.
वरच्या माणसाला ते जमतं.

म्हणून खुडलं नाही.
रोज अंगठा-बोट बेचक्याला लावायचं
आणि नुसता हिरवा वास घेऊन परत.
बोटं काळपट पिवळी, साबणाला दाद देत नाहीत.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात
शेंडा कठड्यावरून गेला तो सर्व्हिस वायरला टेकला.
घरचीच तार, मीच ओढलेली.
खाली शिडी लावून ऋतुराज,
कंत्राटी पोरगा, कोयता कोरा करकरीत.
काका, तुम्हीच सांगा. तोडू?
अजिंक्यताऱ्याच्या अंगानं वारं सुटलं होतं,
शेंडा तारेवर घासत होता.
म्हटलं, कोयता ठेव.
लाइन बंद केली त्यानं.
मी नखानं खुडला. वीतभर.
त्याच्या ओंजळीत एक घोस ठेवला.
शिडीवर उभ्या उभ्याच खात राहिला एकेक,
बिया शर्टावर उडवत.

शेंडा टाकवेना.
पेल्यात पाणी घालून टाकीच्या सावलीत ठेवला.
दोन दिवस मान टाकून होता, तिसऱ्या दिवशी उचलली.
आठव्या दिवशी पाण्यात पांढरे दोरे,
केबल सोलल्यावर तारा निघतात तसे,
पण आपणहून.

किती ढीग झाले असतील रस्त्याकडेला,
चौतीस उन्हाळ्यांत.
सगळं नसतं लागलं.
पण शेवगा?
शेवगा फांदीनंच लागतो.
हे काय मला माहीत नव्हतं?

खालून शालन विचारते,
पेले कुठं गेले हो घरातले?
सहा झालेत टाकीपाशी.
मी गच्चीवर आहे.
ऐकू येत नाही.