कुत्रीचा वाटा

रक्त पहिल्यांदा दिसलं ते कारवीच्या पानावर,
गुडघ्याच्या उंचीला, वाळून बिब्ब्यासारखं काळं.
पान खुडून खिशात घातलं
आणि उलट्या पावली कोंगळ्याच्या वस्तीवर आलो.
घाई करायची नसते, हे मला ज्यानं शिकवलं
तो या वेळी पेजेच्या ताटलीपुढं बसलेला असतो.

मष्णू गावड्यानं पान उन्हाकडं धरलं.
फेस असता तर छातीतलं, म्हणाला.
हिरवा वास आला असता तर पोटातलं,
मग दिवस कलेपर्यंत हलायचं न्हाई.
हे पायाचं. लांब जाऊलालंय ते.
पाण्यावर थांबंल, पण बसणार न्हाई.

हे शहाणपण ज्या कामासाठी मिळवलं
त्या कामाला आता तुरुंग आहे.
मला तो ते फुकट देतो,
आणि पगार मी घेतो.

कळ्ळी लोकापूरकडची. आई मुधोळी, बाप ठाऊक नाही.
कळ्ळी म्हणजे कन्नडात चोरटी;
आली त्याच दिवशी जीपमधून सायबाचा डबा पळवला.
मी दिवसभर तिच्याशी मराठीत बोलतो,
बायकोबद्दल, गुडघ्याबद्दल, थकलेल्या भत्त्याबद्दल,
ती ऐकून घेते.
कामाचे शब्द तेवढे तिचे आहेत:
हुडुकु. निल्लु. बिडु.
शोध. थांब. सोड.

हुडुकु, म्हटलं,
आणि बारा हात दोरी ताठ झाली.

जानेवारीचं दव, त्यात वास खाली दबून राहतो.
घाणेरीत एक केस. दगडावर ठिपका, मोहरीएवढा.
मग अर्धा कोस काहीच नाही,
मला नाही, तिला होतं.
ओढ्यापाशी तिचंही तुटलं.
अशा वेळी माणसानं बोलायचं नसतं.
बस्त्यांव बिडी काढायला लागला, त्याचा हात धरला.
ती गोल फिरली, आणखी मोठं गोल फिरली,
पलीकडच्या चिखलात नाक खुपसून
शेपटीच्या टोकापर्यंत थरथरली.

सांबराची मादी. माट्टीच्या बुंध्याला रेललेली, उभीच.
डाव्या पुढच्या पायात क्लचवायर,
हाडापर्यंत गेलेली, दीड हात लोंबणारी.
कान तेवढे हलत होते.
कळ्ळी भुंकली नाही. निल्लु म्हणायलाही लागलं नाही.

बस्त्यांवनं घोंगडं तिच्या डोळ्यांवर टाकलं
आणि मानेला मिठी मारून लोंबकळला,
तोंडानं कोकणीत कुठल्याशा सायबिणीचं नाव घेत.
मी पकड लावली. तार तुटली.
माझ्या बरगडीत तो खूर अजून आहे,
थंडीत जागा होतो.

ती गेली. तीन पायांवर,
चौथा टेकून बघत, पुन्हा उचलत.

आणि कळ्ळीनं सगळं अंग दोरीवर टाकलं.
बिडु, म्हटलं.
हा शब्द तिला मैदानावर शिकवलेला, जुन्या चपलेवर.
तिनं मागं वळून माझ्याकडं बघितलं.
चार तास नाकानं ओढलेली रेघ, तिच्या टोकाला मांस,
आणि मी म्हणतोय, चप्पल.
बिडु, पुन्हा म्हटलं. आवाज माझाच फुटला.

फॉर्म कन्नडात. दोनच चौकोन: जखमी, मृत.
गेली, याला चौकोन नाही.
बस्त्यांवनं कायतरी लिहिलं, मी सही केली.

तार मष्णूला दाखवली.
त्यानं गाठ बोटांत दोनदा फिरवली.
ती गाठ त्यानं आयुष्यात तिघांना शिकवली,
त्यातला एक मी.
बाकी दोघांची नावं त्यानं घेतली नाहीत,
मीही विचारली नाहीत अजून.

मग म्हणाला, कुत्रीला काय दिलास?
दोन बिस्किटं, म्हटलं.
आमच्यात काळजाचा तुकडा पैला तिचा असायचा,
बंदूकवाल्याच्या आधी.
एवढंच बोलून त्यानं तांदळाची भाकरी मोडली,
सुकटाचं कालवण लावून मोठा अर्धा पुढं केला.
ये गे चोरटे, म्हणाला,

मराठीत. ती उठून गेली.