येऊन राहिलेत

नववी ब. तिसरा तास. खिडकीखाली जेल रोडचे हॉर्न.
फळ्यावर लिहिलं : 'घर' हा शब्द न वापरता घर लिहा.
आणि खडू असा ठेवला,
जणू उत्तर मला माहीत आहे.

एकवीस वर्षं हीच युक्ती :
पाठ ताठ, आवाज जरा खालचा.
पोटात मात्र तेच, पहिल्या दिवशीचं.

"मॅडम, किती मार्कांना?" मिहिका तांबवेकर.
शून्य, म्हटलं.
आधी हुश्श झालं. मग सगळे घाबरले.

मागच्या बाकावरचा ओजस देवस्थळे,
वर्षभर फक्त 'हजर' एवढंच बोललेला,
दोन ओळी लिहून थांबला :

एक ताट झाकून ठेवलंय.
बाबा पीथमपूरहून येऊन राहिलेत.

माझं लाल पेन आपोआप उतरलं.
इंदुरी मराठी. 'येत आहेत' लिही, बाळा.
रेघ 'राहि'पर्यंत गेली नि अडली.

येत आहेत, म्हणजे अजून वाटेत.
येऊन राहिले,
म्हणजे आले. आणि राहिले.

"मुद्दाम लिहिलंस?"
"आम्ही असंच बोलतो."
मग वहीच्या कोपऱ्याची सुरळी करत,
"तीन दिवाळ्या झाल्या, मॅडम."

मिहिकानं व्हाइटनर पुढे केला.
नको, म्हटलं.
वर्ग माझ्याकडे बघत होता,
पुढचं वाक्य मला येत असणार, अशा खात्रीनं.
येत नव्हतं. तेच सांगितलं, त्याच खालच्या आवाजात.

आणि समासात, त्या अर्ध्या रेघेशेजारी,
लाल शाईतच लिहिलं :
इथे चूक माझी.