दोर

ऑफिसच्या कॉम्प्युटरवर काहीच टाकू देत नाहीत,
ना खेळ, ना गाणी, ना आपल्या आवडीचं चित्र.
म्हणून मी ब्राउझरमध्येच उघडते ती खिडकी,
गोदीभाड्याच्या तक्त्यामागे,
साहेबांचे बूट वाजले की झाकता येईल अशी.

पुंता अरेनास. रात्रपाळी.
सामुद्रधुनीवरून वारा असा येतो
की गाडीचं दार दोन्ही हातांनी धरून उघडावं लागतं,
नाहीतर ते जातं बिजागरीसकट.
आत हीटर, निवलेली कॉफी,
आणि पडद्याच्या डाव्या कडेला
हिरव्या-राखाडी ठिपक्यांची, नावांची उतरंड.

वरच्या गटाला मी नाव दिलंय: काम.
खालच्याला: माणसं.

कामात निबाल्दो. गोदाम क्रमांक तीन.
निवृत्तीला दीड वर्ष, टाइप करतात एका बोटाने.
त्यांचं सगळं बोलणं म्हणजे कंटेनरचा नंबर आणि 'ओके'.
कधी नुसतंच 'ओ',
'के' मागाहून, चार मिनिटांनी, दुसऱ्या ओळीत.
माणसांत मार्लेन,
नवऱ्यामागे कालामाला गेलेली, तांब्याच्या खाणीपाशी,
जिथे पाऊस पडला तर ती बातमी होते.
शाळेत एका बाकावर बसायचो,
आता एकाच देशाच्या दोन टोकांना बसून
एकमेकींना जांभया पाठवतो.

त्या रात्री मी मार्लेनला लिहिलं,
लिहिलं कसलं, ओकून टाकलं,
की आज चौकात चालता चालता थांबले
आणि कळेचना, पाऊल पुढे पडत नाही ते वाऱ्यामुळे
की मलाच ते टाकायचं नाही.
की आई गेल्यापासून
घराच्या कुलपात किल्ली फिरवताना हात जड होतो.
की कुणाला सांगू नकोस.
एंटर.

आणि मग दिसलं खिडकीच्या माथ्यावरचं नाव.
गोदाम क्रमांक तीन.

पाठवलेलं परत घ्यायची सोय तेव्हा नव्हती.
घाईघाईने लिहिलं: चुकून आलं. माफ करा. दुसऱ्या कुणासाठी होतं.
खाली बारीक अक्षरं उमटली: निबाल्दो लिहीत आहेत.
मग पुसली गेली. मग पुन्हा: लिहीत आहेत.
अकरा मिनिटं.
अकरा मिनिटांत मी मनातल्या मनात राजीनामा दिला,
तक्त्यातली एकच बेरीज तीनदा केली,
तिन्ही वेळा वेगळी आली.
एरवी त्या एका बोटाचं मला हसू यायचं.

शेवटी:

'चौकात नगरपालिकेने दोर बांधलेत
खांबापासून खांबापर्यंत
लोक धरत नाहीत लाज वाटते म्हणून
बायको गेली त्या वर्षी मी पण धरत नव्हतो
दोर धर पोरी'

आणि लगेच, बहुतेक स्वतःच ओशाळून:
'४४१७ सकाळी सात'

चार वर्षांत त्यांनी मला
एकदाही 'तुम्ही' सोडून काही म्हटलं नव्हतं.

मी लिहिलं 'ओ'.
बऱ्याच वेळाने, दुसऱ्या ओळीत, 'के'.

पहाटे मार्लेन हिरवी झाली. काय गं, काय विशेष?
काही नाही, म्हटलं. वारा आहे.

पाळी संपल्यावर चौकातून गेले.
दोर होता. इतके दिवस होता.
ओला, जाड, आणि मधल्या भागात
हात लागून लागून गुळगुळीत झालेला.
म्हणजे धरतात लोक.

त्यांचं नाव अजून वरच्याच गटात आहे.
एकदा ओढून खाली ठेवून पाहिलं, माणसांत.
तिथे ते फार अवघडल्यासारखे दिसले,
परक्याच्या दिवाणखान्यात कुणी
टोपी मांडीवर घेऊन बसावं तसे.
परत कामात नेऊन ठेवलं.