आवंढा

पाचव्या दिवसानंतर वाढेल, मग उतरेल,
असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या.
आज सातवा.
पहाटे तीनचा गजर. एल्स्पेथ पेल्यात बर्फ ढवळते,
आणि एका घोटासमोर मी
परीक्षेतल्या पोरासारखा बसून.

कापलाय घसा, ठणकतो कान.
दार चुकलेली ही कळ.
जांभई आली की पलंगाची कड धरायची.

वीस वर्षं पीटरहेडच्या धक्क्यावर
मासळीचा लिलाव पुकारला,
हॅडकच्या पेट्या, बर्फात बूट,
बोली चढायची माझ्या गळ्याच्या जिवावर.
आता मांडीवर लेकीची पाटी.
तीवर लिहितो: पाणी.
पुसतो. नको.
पुन्हा: पाणी.

बापाला पुरताना वाटलं होतं,
आवंढा गिळणं काय असतं ते कळलं.
तो हलका होता.

टॉर्च धरून आरशात पाहिलं तर
दोन्ही बाजूंना पांढुरकी साय,
आणि वास असा की मांजरही दूर बसलं.
एल्स्पेथ मात्र वाकून हुंगते:
"आमिषाच्या बादलीपेक्षा बरा."
पाटीवर लिहितो, हसवू नकोस.

खिडकीबाहेर बोटींचे दिवे बंदर सोडतायत.
मनातल्या मनात पुकारतो:
एक घोट, गार, कोण घेतं?
कोणीच नाही.
एक वार.
दोन वार.
मग डोळे मिटून
माझाच माल मी उचलतो.

एल्स्पेथ घशात टॉर्च मारते, रक्त नाही.
वहीत टिपते, तीन वीस.
खडू माझ्या हातात देते.
उद्या कस्टर्ड, लिहितो मी,
आणि खाली रेघ ओढतो.