नडगी

तासगाव आगारात पायरीवरून पाय निसटला.
पावसाचं निमित्तही नव्हतं.
तिकिटाचं मशीन छातीशी धरून पडले,
मशीनला ओरखडा नाही.
नडगी मोडली.

मिरजेला डॉक्टर मगदूमांनी फोटो उजेडाला धरला,
तडीवर बोट ठेवलं. साखर आहे तुम्हाला, वेळ लागेल.
किती?
म्हणाले, हाडाला विचारा.

भाची केतकी कोल्हापूरला जनुकं शिकते.
रविवारी आली, प्लास्टरवर निळ्या पेनानं
पिळलेली शिडी काढून म्हणाली,
मावशी, डोळ्याची पेशी असो की हाडाची,
आत पुस्तक एकच.
कुठलं पान कधी उघडायचं, एवढाच खेळ.

पुस्तकाचं मला कळेना.
पण सतरा वर्षं सांगली-तासगाव केलंय.
माधवनगर, बुधगाव, कवलापूर, कुमठे फाटा,
पत्रकात सगळे थांबे आधीच छापलेले,
तरी हाक एकाचीच द्यायची, तो आला की.
बुधगावात उभं राहून तासगाव ओरडलं
तर माणसं उसात उतरतील.

तसंच, ती म्हणाली, आणि बशीत चहा ओतला.

पहिल्या आठवड्यात आत नुसती गर्दी.
सूज, ठणका, साकळलेलं रक्त,
जत्रेच्या जादा गाडीसारखी ढकलाढकल.
मग कुणीतरी घंटी मारली.
कुणी, विचारलं, तर केतकी नावं सांगते
अक्षरं आणि आकडे, गाड्यांच्या नंबरांसारखी.
आता कूर्चा धरतेय म्हणे तिथं,
कानाच्या वरच्या कडेइतकी मऊ.
"आणि ही हाक पायाला नवी नाही हं.
आजीच्या पोटात तुझी नडगी अशीच झाली,
आधी कूर्चा, मग हाड.
तीच पानं परत उघडलीत."

एकोणपन्नासाव्या वर्षी
माझा बोटभर तुकडा
अजून जन्मायचाय.
आईला जाऊन अकरा वर्षं झाली.
तिनं दिलेलं पत्रक चालतंय अजून.

रात्री मुल्ला ड्रायव्हरची शेवटची गाडी दारावरून जाते.
कंडक्टर नवी पोरगी आहे,
घंटी घाबरत मारते, ओळखते मी.
पांघरुणात प्लास्टरवर हात ठेवते.
आतलं काही ऐकू येत नाही.
खाज कुठल्या पानावर असते
हे केतकीलाही माहीत नाही.

सहाव्या आठवड्याच्या फोटोत तडीभोवती
पांढरट ढग, चुन्याच्या निवळीसारखा.
लागली वाटतं गाडी मार्गाला, मी म्हणाले.
मगदूम म्हणाले,
पुढच्या महिन्यात या. आणि भात कमी.