सांध्यावरच्या मुंग्या

टांडापेठेतल्या आमच्या रंगखान्याच्या गच्चीवर
काळे तीन पत्रे, वर काच, उन्हाकडे तोंड करून,
आणि पोटात तांब्याची नळी
वळत वळत खाली उतरते
थेट ऋषीकाकांच्या हंड्यापर्यंत.
सूत रंगवायचं तर हंडा तापलेलाच लागतो.
आधी लाकूड होतं, मग गॅस, मग हे.

ऊन इथे बोलवावं लागत नाही.
मार्चातच येतं आणि ओट्यावर बसतं
उधारी वसुलायला आल्यासारखं.
प्रश्न उन्हाचा नव्हता.
प्रश्न होता, गच्चीवरून त्याला
खाली आणायचं कशात घालून.

"पाण्यात. काहून, पाणी का वाईट हाय?" काका म्हणाले.
विहिरीचं पाणी भरलं.
दोन उन्हाळ्यांत नळीच्या आत पांढरा दगड वाढला,
आणि एका मे महिन्यात, दुपारी दोनला,
वाफ कोंडून झडप उडाली.
निखारेबाईंचे वाळत घातलेले पापड भिजले.
त्या अजून बोलत नाहीत.

मग हिंगण्याहून पिंप आणलं.
पिवळसर तेल, वास नाही, चव विचारायची नाही,
पिंपावर कवटीचं चित्र.
तीन महिने ते एका सांध्यातून ठिबकत होतं
आणि आम्हाला पत्ताच नव्हता.
भिंतीलगतचा गोडनिंब शेंड्यापासून वाळत गेला,
काकूला वाटलं, कुणाची नजर.
बाकीचं नालीतून नाग नदीला मिळालं.
नदी काही म्हणाली नाही.
ती आता कशालाच काही म्हणत नाही.

तेव्हा मी वही केली.
पॉलिटेक्निकची दोन वर्षं कुठेतरी लागायला हवी होती.

जवस : घाणीचं, ताजं, चटणीवर घेतो तेच.
अठराव्या दिवशी नळीत डिंक.
रॉकेलने धुताना काका नुसते हसत होते.
"जवस तोंडात घालाचा असते वं पोरी,
तांब्यात नाई."

करंज : जवसापेक्षा जास्त टिकलं.
मग काळं पडलं, आंबलं,
सांध्यांची रबरं फुगून आली,
आणि गल्लीतला प्रत्येक माणूस विचारून गेला,
तुमच्याकडे काय जळतंय.

पुढची चार पानं खोडलेली आहेत.

इतवारीत मुर्तजाभाई साबण शिजवतात.
साबण झाल्यावर मागे जे उरतं,
मीठ काढून, गाळून, कॅनमध्ये भरून ठेवलेलं,
ते त्यांनी दाखवलं. ग्लिसरीन.
"ले जा, वैसे भी पड़ा है."
सायकलवर दोन कॅन, उन्हात, गांधीबागेच्या गर्दीतून.
सहा वाटे गाळलेलं पाणी, चार वाटे ते.
ओतण्याआधी बोटाला लावून चाटलं.
गोड.
यंत्रात ओतायची वस्तू मी पहिल्यांदाच चाखत होते.

एप्रिल गेला. मेमध्ये दुपारी दोनला
मी झडपेपाशी उभी, डोक्याला ओला दुपट्टा,
काका खाली हंड्यापाशी.
वाफ धरली नाही.
खालून आवाज आला, "आली वं!"
म्हणजे ऊब. ते तिला बाईमाणूसच समजतात.
त्या दिवशी जांभळं सूत निघालं,
दोन लडी फिकट, बाकी बरं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात
काकू जिन्यावरून ओरडली.
गच्चीच्या कठड्यावरून काळ्या मुंग्यांची रांग,
भिंत उतरून, कोपरा वळून,
तिसऱ्या सांध्यापाशी गोळा झालेली,
एकमेकींच्या पाठीवर चढून पिणारी.

गळती.
पान्हा आणला, पण लगेच आवळला नाही.
जुन्या तेलाने तीन महिने घेतले होते
आणि एक झाड.
हिला एक रात्र लागली,
आणि सांगायला एवढ्या जणी आल्या.

काका चष्मा पुसत वर आले, वाकून बघत राहिले.
म्हणाले, "पिऊ दे त्याहिले.
अर्ध्या घंट्यानं आवळ."

गोडनिंबाच्या बुडाशी अजून काही नाही.
मी रोज बघते.
वहीत पुढची नोंद एवढीच :
तिसरा सांधा, मुंग्या, नवं रबर, अकरा रुपये.